जुनी टू-स्ट्रोक आउटबोर्ड घेताना

विकाऊ आउटबोर्ड बघायला गेलात की झाकण काढून सर्वांत आधी सिलिंडर हेडवर हात ठेवा. ते नुसते कोमट जरी लागले, तरी मालकाला सरळ सांगा, "दादा, मशीन थंड होऊ द्या, मी संध्याकाळी येतो." यात संकोच वाटण्याचे कारण नाही. टू-स्ट्रोक इंजिन गरम असताना बहुतेक रोग झाकून ठेवते. पेट्रोलची वाफ लवकर होते, फुगलेला पिस्टन झिजलेल्या सिलिंडरमध्येही बऱ्यापैकी घट्ट बसतो आणि अर्धवट तुंबलेला कार्ब्युरेटरही वेळ मारून नेतो. थंड इंजिनाला मात्र दाब, ठिणगी आणि इंधन ही तिन्ही नीट लागतात. चोक ओढून चार-पाच हिसक्यांत जी थंड मशीन सुरू होते, तिच्याकडे पुढे बघावे.

फोर-स्ट्रोक आउटबोर्ड आता सगळीकडे मिळते, ती कमी पेट्रोल पिते आणि कमी धूर सोडते. तरी रेवसपासून देवबागपर्यंत आणि पुढे गोव्यात लहान होडीवाला जुन्या टू-स्ट्रोकची चौकशी का करतो? पहिले कारण वजन. १५ हॉर्सपॉवरची टू-स्ट्रोक साधारण ३६ ते ४० किलोची असते आणि तेवढ्याच ताकदीची फोर-स्ट्रोक ५० किलोच्या आसपास जाते. ज्याला रोज मशीन होडीवरून उतरवून वाळूतून घरी न्यायची आहे, त्याच्या कंबरेला हा फरक कळतो. दुसरे कारण म्हणजे आतली रचना. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, तेलाची टाकी नाही, तेलाचा पंप नाही. बंदरावरचा मिस्त्री साध्या पान्यांनी ती उघडू शकतो. ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात आउटबोर्ड विकायला सुरुवात केली, तेव्हाची मशीन एक सिलिंडरची, दीड हॉर्सपॉवरची आणि अठ्ठावीस किलोच्या घरातली होती. आज तेवढ्याच वजनात ८ हॉर्सपॉवरची टू-स्ट्रोक येते, आणि मूळ कल्पना तीच आहे.

धुराच्या नियमांमुळे अमेरिकेत १९९८ ते २००६ या काळात टप्प्याटप्प्याने आणि युरोपात २००७ पासून कार्ब्युरेटरच्या नव्या टू-स्ट्रोक आउटबोर्डचा बाजार आटला. आशिया आणि आफ्रिकेतल्या मासेमारीच्या किनाऱ्यांवर मात्र यामाहाच्या एन्ड्युरोसारखी कामकरी मशीन चालत राहिल्या. म्हणून आपल्याकडे जुन्या टू-स्ट्रोकचा बाजार अजून जिवंत आहे. त्यात चांगला माल आहे आणि रंग फासलेला भंगारही आहे.

दोन्हींतला फरक ओळखायचा तर या इंजिनाचे एक वैशिष्ट्य नीट समजून घ्यायला हवे. त्याला स्वतःचे तेल नसते आणि स्वतःचे थंड पाणीही नसते. वंगण पेट्रोलात मिसळून येते, क्रँककेसमधून जाताना बेअरिंगला आणि पिस्टनला भिजवते आणि जळून बाहेर पडते. थंडावा समुद्रातून वर ओढलेल्या पाण्याने मिळतो आणि ते पाणीही बाहेर पडते. तेलाची वाट आणि पाण्याची वाट, या दोनच वाटांवर टू-स्ट्रोकचा जीव असतो. मशीन किती वर्षांची, रंग कसा, स्टिकर कोणते, हे सगळे त्यानंतर.

आधी तेलाची वाट. मालकाला विचारा, तेल कोणते घालता आणि किती? बहुतेक आधुनिक टू-स्ट्रोक आउटबोर्डला पन्नासास एक हे प्रमाण लागते, म्हणजे १० लिटर पेट्रोलात २०० मिलिलिटर तेल. काही जुन्या मशीनना पंचविसास एक लागते, तिथे तेच ४०० मिलिलिटर होते. रॉकेलवर चालणाऱ्या मॉडेलचे प्रमाण त्या-त्या पुस्तिकेप्रमाणे बघावे. तेल आउटबोर्डसाठीचेच हवे, डब्यावर टीसी-डब्ल्यू-३ असा शिक्का असलेले. स्कूटरचे टू-स्ट्रोक तेल हवेने थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी बनवलेले असते. ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात घातले तर त्याची राख प्लगवर आणि पिस्टनवर साचत जाते. "अंदाजाने टाकतो" असे उत्तर आले, तर पुढची तपासणी दुप्पट काळजीने करावी.

मग दोन्ही प्लग काढा आणि कोणता कुठल्या सिलिंडरचा हे लक्षात ठेवून शेजारी शेजारी ठेवा. टोक फिक्या तपकिरी रंगाचे असेल तर जळण ठीक आहे. काळे, ओले असेल तर तेल किंवा पेट्रोल जास्त होते आहे, आणि तो आजार किरकोळ असू शकतो. पांढरे पडलेले टोक मात्र गंभीर. म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे, आणि टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी. पिस्टन तापतो, सिलिंडरला घासतो आणि एक दिवस भर खाडीत जाम होतो. एक प्लग तपकिरी आणि दुसरा धुतल्यासारखा लख्ख दिसला, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी शिरत असण्याची शंका घ्यावी. हेड गॅस्केट गेले की वाफ त्या प्लगला साफ करत राहते.

प्लगच्या भोकातून बारीक टॉर्च टाकून पिस्टनचा माथा दिसतो. शक्य असेल तर एक्झॉस्टच्या बाजूचे झाकण उघडून पिस्टनची कडा बघावी. उभे ओरखडे नखाला लागले, तर ती मशीन एकदा जाम होऊन परत चालू केलेली आहे. त्यानंतर कॉम्प्रेशन गेज. हे साधन महाग नाही, आणि जुनी मशीन घेणाऱ्याने ते स्वतःचे बाळगावे असे माझे मत आहे. दोन्ही प्लग बाहेर, प्लगच्या वायरी इंजिनाच्या धातूला टेकवलेल्या (नाहीतर इग्निशनचे इलेक्ट्रॉनिक युनिट जळू शकते), थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि काटा वाढायचा थांबेपर्यंत दोरी ओढायची. लहान पेट्रोल मशीनमध्ये साधारण १०० ते १३० पीएसआयच्या आसपास आकडा येतो. पण आकड्यापेक्षा दोन सिलिंडरमधला फरक जास्त बोलतो. दोघांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त तफावत असेल, तर एकाची रिंग, सिलिंडर किंवा गॅस्केट गेलेले आहे. रॉकेलच्या मशीनमध्ये दाब मुळातच कमी ठेवलेला असतो, कारण रॉकेल जास्त दाबाखाली ठोके देते. त्यामुळे तिचा आकडा पेट्रोलच्या मशीनशी ताडून बघू नये.

तेलाच्या वाटेवर आता एक नवा धोका आला आहे. देशभरातल्या बहुतेक पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या कार्ब्युरेटरचे जेट निव्वळ पेट्रोलच्या हिशेबाने पाडलेले असते. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटमधून हवेच्या मानाने इंधन अपुरे येते आणि इंजिन जास्त तापते. दुसरी गोष्ट साठवणीची. इथेनॉल दमट हवेतले पाणी शोषते, आणि कोकणातला पावसाळा म्हणजे दमट हवाच. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून सुटून टाकीच्या तळाशी बसतात. इंधनाची नळी तळातूनच ओढते, आणि त्या थरात वंगण जवळजवळ नसते. पावसाळाभर टाकीत राहिलेल्या जुन्या मिश्रणावर मशीन चालू केली, तर पहिल्याच दिवशी तिचे नुकसान होऊ शकते. जुन्या रबरी नळ्या आणि हाताने दाबायचा पंपाचा गोळाही इथेनॉलमुळे कडक किंवा चिकट होतात. गोळा दाबून बघा. तो तडकलेला असेल तर कार्ब्युरेटर आतून कसा असेल याचा अंदाज येतोच.

आता पाण्याची वाट. मशीन पाण्यात सोडून सुरू केल्यावर काही सेकंदांत मागच्या बारीक भोकातून पाण्याची धार यायला हवी. धार नसेल तर लगेच बंद करा. भोकात गाळ अडकला असेल तर बारीक तार घालून मोकळे होते, ते किरकोळ. पण बहुतेकदा दोष खाली, रबरी इंपेलरमध्ये असतो. इंपेलर पाण्यावरच चालतो, पाणीच त्याचे वंगण. कोरड्यात काही सेकंद फिरवला तरी त्याच्या पाकळ्या भाजतात. पाकळ्यांचे तुकडे वर पाण्याच्या वाटेत जाऊन अडकले, तर नवा इंपेलर बसवूनही इंजिन तापतच राहते. म्हणून "परवाच इंपेलर बदलला" हे ऐकून समाधान मानू नये. जुना कुठे आहे आणि त्याच्या सगळ्या पाकळ्या शाबूत होत्या का, हे विचारावे.

धार हाताला कोमट लागावी. पाच-सात मिनिटे चालल्यावर ती चटका देऊ लागली, तर आत मीठ साचले आहे. खारट पाण्यात चाललेली मशीन रोज गोड्या पाण्याने धुतली नाही, तर हेडच्या आतल्या बारीक वाटा मिठाने बुजत जातात आणि थर्मोस्टॅट अडकतो. तापण्याचा त्रास नको म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकून दिलेल्या मशीनही विकायला येतात. त्या तापत नाहीत, पण हळू वेगात नेहमी थंड राहतात, तेल नीट जळत नाही आणि प्लग सारखे काळे होतात. हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावर पांढरी रेघ दिसली, तर तिथून खारे पाणी झिरपून वाळले आहे. जस्ताचा अॅनोड, म्हणजे मशीनच्या खालच्या भागावर स्क्रूने बसवलेला तो करडा तुकडा, झिजलेला असणे हे चांगलेच लक्षण. तो झिजतो म्हणून अॅल्युमिनियम वाचते. तो रंगवून टाकला असेल तर त्याचा उपयोग संपला, आणि मग खारे पाणी मशीनलाच खाते.

मशीन कधी बुडाली होती का, हा प्रश्न विचारायलाच हवा. होडी उलटणे, क्लॅम्प सैल होऊन मशीन खाडीत जाणे हे किनाऱ्यावर घडत असते. बाहेर काढून त्याच दिवशी धुऊन, तेल घालून चालू केली तर ती वाचते. दोन दिवस तशीच पडली तर क्रँकच्या बेअरिंगवर गंज धरतो. अशा मशीनच्या खुणा झाकणाखाली सापडतात. फ्लायव्हीलच्या खाली कोपऱ्यात वाळलेला चिखल, वायरच्या टोकांवर हिरवट बुरशीसारखा गंज, आणि दोरी हळू ओढल्यावर आतून लागणारी करकर.

तपासणीतला सर्वांत महत्त्वाचा क्षण माझ्या मते सर्वांत शांत असतो. मशीन उभीच ठेवून खालच्या गिअरच्या भागाचा तळाचा स्क्रू ढिला करायचा आणि खाली पांढरी वाटी धरायची. वरचा स्क्रू अजून बंदच ठेवायचा, म्हणजे तेल हळू येते. पहिल्या थेंबांकडे बघा. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसलेले असते, म्हणून आधी स्वच्छ पाणी टपकले तर सील गेले. तेल आले पण दुधाळ चहासारखे दिसले, तर पाणी तेलात घुसळले गेले आहे. काळपट, जुने पण स्वच्छ तेल आले तर फक्त बदलायचे बाकी आहे. मग ते तेल बोटांत चोळा. स्क्रूच्या टोकाला चुंबक असेल तर त्याच्यावर बारीक काळी भुकटी असणे स्वाभाविक आहे, पण बोटाला टोचणारी चमकती कुसळे म्हणजे गिअरचे दात झडत आहेत. मग पंखा काढून त्याच्या मागचा दांडा बघावा. तिथे तंगूसचे वेढे अडकलेले असतील, तर सील का गेले याचे कारण समोरच आहे. नायलॉनचा तंगूस पंख्याबरोबर फिरत सीलच्या ओठाखाली शिरतो आणि त्याला कापतो. जाळ्यांच्या किनाऱ्यावर हा अपघात नेहमीचा. सील बदलणे फार खर्चाचे नाही, पण मिठाच्या पाण्यात महिनोन्महिने फिरलेले बेअरिंग बदलणे खर्चाचे आहे. दुधाळ तेल किती दिवसांचे, यावर किंमत ठरते.

पंखा परत बसवण्याआधी हाताने दांडा गोल फिरवून त्याच्या टोकाकडे बघा. टोक डगमगले तर दांडा वाकला आहे. तो कातळावर आपटलेला असणार, आणि वाकलेला दांडा नवे सीलही थोड्याच दिवसांत खाऊन टाकतो.

एवढे झाल्यावरच मशीन होडीला लावून पाण्यात न्यावी. बादलीत चालवून गिअर कळत नाही. पुढच्या गिअरमध्ये अर्ध्याहून जास्त थ्रॉटल देऊन भाराखाली थोडे अंतर जा. "खट-खट" आवाज येऊन गिअर निसटत असेल, तर आतल्या डॉग क्लचची धार गोल झाली आहे. जमिनीवर ही मशीन अगदी ठीक वाटली असती. इंजिनाचा आवाज चढतो पण होडी पुढे जात नाही, असे होत असेल तर पंख्याच्या मधले रबर सुटलेले असू शकते, आणि ते तुलनेने स्वस्त दुखणे आहे.

कोणत्या ताकदीची घ्यावी? याचा विचार घरून निघण्याआधी झालेला बरा, कारण समोर स्वस्तात २५ ची मशीन दिसली की १६ फुटी होडीचा माणूसही मोहात पडतो. वल्हवायची जड होडी फक्त ढकलायची असेल, तर १६ फुटांना ६ हॉर्सपॉवर बस्स. तिचा वेग पाण्याच्या लाटेनेच ताशी सव्वापाच-साडेपाच सागरी मैलांच्या आसपास बांधलेला असतो, त्यापुढे ताकद फक्त पेट्रोल जाळते. फायबरची हलकी होडी पाण्यावर उचलून पळवायची असेल, तर दर हॉर्सपॉवरला सुमारे २० ते २५ किलो हा अंदाज धरावा. होडी १५० किलो, तीन माणसे २०० किलो, मशीन आणि इंधन ६० किलो, जाळी आणि सामान ५० किलो, मिळून ४६० किलो. म्हणजे २० च्या आसपासची मशीन हवी.

मशीनच्या उभ्या दांड्याची लांबी मात्र ताकदीहून आधी बघावी. मागच्या फळीचे माथ्यापासून तळापर्यंतचे माप घ्या. १५ इंच असेल तर शॉर्ट शाफ्ट, २० इंच असेल तर लाँग. पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेला किंवा तिच्या इंचभर खाली यायला हवी. उंच फळीला शॉर्ट शाफ्ट लावला तर लाटेत पंखा हवा खातो आणि पाणी ओढणारी जाळीही उघडी पडते. म्हणजे पाण्याची वाटच बंद. उथळ खाडीच्या होडीला लाँग लावली तर ती प्रत्येक वाळूच्या पट्टीवर आपटते. लांबी चुकलेली मशीन कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

ब्रँडबद्दल माझे मत साधे आहे. होडी जिथे बांधणार, त्या बंदरातला मिस्त्री जी मशीन उघडतो ती घ्यावी. एव्हिनरूड हे नाव जगात मोठे होते, पण २०२० मध्ये कंपनीने त्यांचे उत्पादन थांबवले. चांगली जुनी एव्हिनरूड अजूनही चालते, पण कार्ब्युरेटरचा एखादा भाग बोटीच्या हंगामात पंधरा दिवस वाट बघायला लावत असेल, तर मासेमारी करणाऱ्याच्या काय कामाची? क्लॅम्पच्या पट्टीवरचा क्रमांक आणि बिल जुळवून घ्या. पट्टी घासलेली किंवा उचकटलेली असेल, तर तिथूनच परत फिरा, भाव कितीही चांगला असो.

खरेदीची वेळही जपावी. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै अशी पावसाळी मासेमारी बंदी असते. बरेच जण बंदी संपताना, नारळीपौर्णिमेच्या तोंडावर धावपळ करून मशीन घेतात. तेव्हा मिळणारी मशीन दोन महिने पडून राहिलेली असते आणि खवळलेल्या समुद्रात ती नीट चालवून बघताही येत नाही. एप्रिल-मेमध्ये, रोज कामावर असलेली मशीन घ्यावी, खाडीत भार देऊन तपासावी आणि पावसाळ्यात मिस्त्रीकडे उघडायला द्यावी.

एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. कार्ब्युरेटरची टू-स्ट्रोक पेट्रोलचा मोठा हिस्सा, पाव किंवा त्याहून जास्तही, न जळताच तेलासह पाण्यात सोडते. म्हणूनच अमेरिकेतल्या टाहो सरोवरावर १९९९ पासून अशा मशीनना बंदी आली. पिण्याच्या पाण्याच्या धरणात ती कधीच नेऊ नये. खाडीतही, जिथे बायका कालवे काढतात तिथे, निष्कारण न्यूट्रलमध्ये धूर सोडत उभे राहू नये. योग्य प्रमाणात चांगले तेल आणि स्वच्छ कार्ब्युरेटर एवढ्यानेही फरक पडतो.

मशीन घरी आली की दुसऱ्या दिवशी समुद्रात नेण्याची घाई नको. इंपेलर, गिअरचे तेल आणि सील, प्लग, इंधनाच्या नळ्या, थर्मोस्टॅट आणि अॅनोड नवे बसवावेत आणि हा खर्च किंमत ठरवतानाच वजा केलेला असावा. टाकीतले जुने पेट्रोल ओतून टाकून ताजे मिश्रण करावे. पहिली फेरी भरती चढत असताना, काठाजवळून, ओळखीच्या तांडेलाला बरोबर घेऊन करावी. होडीत दोन वल्ही, जास्तीचे प्लग, पाना आणि स्टार्टरची दोरी असावी. परत आल्यावर पिंपातल्या गोड्या पाण्यात दहा मिनिटे चालवून इंधनाची नळी काढावी आणि कार्ब्युरेटरमधले पेट्रोल संपून मशीन आपणहून बंद पडू द्यावी.